बांबूच्या पुलापलीकडची जागा

त्या गावाला जायचं असेल तर रस्ता मला विचारा. मी स्वतः कधी गेलेलो नाही, पण चुकणार नाही. बाजाराच्या नाक्यावर बस सोडायची आणि डाव्या हाताच्या भातखाचरांतून बांधाबांधाने निघायचं. अर्ध्या तासाने नदी लागते. तिच्यावर बांबूचा पूल आहे, त्यावर एका वेळी एकानेच चढायचं. पलीकडे मशीद, तिच्या पडवीत टांगलेला भला मोठा ढोल. मशिदीमागे विहीर, विहिरीपुढे सात नारळ आणि नारळांखाली घर. अंगणात चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या असल्या तर वास आधी येतो, घर मागून दिसतं.

हे सगळं मला कतारमध्ये, दोह्यातल्या एका पत्र्याच्या सुतारखान्यात पाठ झालं. ऐंशी सालानंतरचे दिवस होते. मी साताऱ्याकडचा, सुताराचा मुलगा, तिथे फोरमन होतो. माझ्या हाताखाली सगळे आपलेच लोक. एकच माणूस इंडोनेशियाचा, जावा बेटावरच्या त्या गावातला. कोरीवकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बोलायचा मोडक्या हिंदीत, त्यात अरबी शब्द घालून. मला उस्ताद म्हणायचा.

शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की तो प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीने आपलं गाव काढायला बसायचा आणि आम्ही भोवती जमायचो. कोणाला कुठली जागा हवी ते विचारायचा. आमच्या खोलीत राहणारा रत्नागिरीचा ड्रायव्हर म्हणाला, "माझी मशिदीजवळ धर. म्हातारपणी चालवत नाय." कॅम्पच्या आचाऱ्याने नदीकाठ घेतला. मी फोरमन, म्हणजे चांगलं ते मला मिळायलाच हवं. मी नारळांपलीकडची, त्याच्या घराला लागून असलेली जागा घेतली. सुरुवात थट्टेत झाली होती, पण मी मनातून ती जागा खरंच धरून बसलो. गावी चार हात बांधावरून माझं आणि थोरल्या भावाचं बोलणं बंद झालं होतं. कुठेतरी दूर, जिथे आपलं कोणी ओळखीचं नाही, तिथे घर बांधावं असं मला फार वाटायचं. परक्या माणसाला तिथे जमीन मिळते की नाही, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

त्याचं घर त्याच्या आजाने बांधलेलं, सागवानी. मधे चार जाड खांब, खाली चार चौकोनी दगड, वर उंच छप्पर. सगळ्या घरात एक खिळा नाही. सगळं खाचेत खाच आणि लाकडी खुंट्या. प्रत्येक वाशावर, प्रत्येक तुळईवर आजाने पटाशीने खुणा केलेल्या होत्या, कोणता तुकडा कुठे बसतो त्याच्या. हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा आणि मी मान डोलवायचो. आता लिहिताना माझ्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते. आम्हीही दारांच्या चौकटींवर अशाच खुणा करत होतो, जागेवर नेऊन जोडायला सोपं जावं म्हणून. सुतार असून मला एवढं कळलं नाही.

मग त्याच्या भावाचं पत्र आलं. तेव्हा आमच्याकडे दोह्याच्या अल हिलाल वस्तीतल्या एका बंगल्याचं काम होतं. बावीस दारं, आणि पुढचं मोठं दार कोरायचं ते त्यानेच. मालकाला ईदच्या आत राहायला यायचं होतं. तो पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"उस्ताद, भाई घर बेचता. शहर से आदमी आया, देखा. मेरे को छुट्टी दो. मैं जाएगा, बोलेगा, नहीं बेचेगा."

"तुझ्या सहीशिवाय कसा विकेल?" मी हिंदीतच म्हणालो. "जमीन बापाची ना? मग तुझं नाव लागलंय. कागदावर सही लागते."

"जमीन नहीं, उस्ताद. जमीन है. घर खलास."

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्याने. घर काय ट्रंक आहे का, उचलून न्यायला? मला ठाऊक होता तो सातबारा, तलाठी आणि माझा थोरला भाऊ. सगळं जग आमच्याच तालुक्यासारखं चालतं अशी माझी पक्की समजूत होती. तो दोन्ही हात वर करून काहीतरी उचलल्यासारखं दाखवत राहिला आणि मी त्याला कायदा शिकवत राहिलो.

दोन वर्षं पूर्ण झाली होती, रजा त्याच्या हक्काची होती. अर्ज मीच इंग्रजीत लिहून दिला, त्याने सही केली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे आणि ऑफिसात अर्ज जायचा तो फोरमनच्या हातून. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. दार होऊ दे, मग देऊ, असं ठरवलं. त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, "दिलाय ऑफिसात. इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."

असे सहा आठवडे गेले. तो रोज विचारायचा आणि मी रोज तेच सांगायचो. ड्रायव्हरने एकदा जेवताना मला सगळ्यांसमोर झापलं.

"मिस्त्री, त्याला जाऊ द्या हो. तो काय सांगतोय ते तुम्ही ऐकतच नाय."

"तुम्ही गाडी चालवा," मी म्हणालो.

दार सुंदर झालं. वेलबुट्टी इतकी बारीक, की मालकाने स्वतः हात फिरवून बघितला आणि "माशाल्ला" म्हणाला. त्याच दुपारी मी अर्ज ऑफिसात दिला. आठवड्याने मंजुरी आली. त्याच्या आदल्या दिवशी त्याच्या भावाचं पाकीट आलं होतं, पण ते मला माहीत नव्हतं.

मी मोठ्या ऐटीत मंजुरीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने खिशातून फोटो काढून त्या कागदावर ठेवला. सात नारळ मी लगेच ओळखले, विहीरही ओळखली. नारळांखाली चार चौकोनी दगड होते आणि मधे झाडून काढलेली माती. बाजूला गावचे लोक ओळीने उभे, नुकतंच काम संपवून हातपाय धुतल्यासारखे. दोन दिवसांत घर सुटं केलं, त्याने सांगितलं. माणसांनी वासे खांद्यावर घेऊन पूल ओलांडला, एकामागे एक. खुणा होत्या, म्हणून शहरात पुन्हा तसंच उभं राहील. त्यांच्याकडे लाकडी घर असंच विकतात, जमिनीवेगळं. तो मला हेच सांगत होता.

"जा तरी," मी म्हणालो. "भावाला भेट."

"किधर सोएगा, उस्ताद?" तो म्हणाला आणि कागद परत माझ्याकडे सरकवून कामाला लागला.

त्यानंतर त्याने गाव काढलं नाही. शुक्रवारी जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचा. नवीन आलेल्या कोणी गावाबद्दल विचारलं, तर "मालूम नहीं" म्हणायचा. मी अर्ज खणात ठेवला होता हे त्याला सांगायचं मी कितीदा ठरवलं, पण जीभ रेटली नाही. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

तीन वर्षांनी मी कायमचा परत निघालो. तो तिथेच होता. निरोप द्यायला गाडीपर्यंत आला, माझी बॅग त्यानेच उचलली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"उस्ताद, नारियल के उधर का जगह मत लो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "बीच वाला लो, मेरा वाला. खाली है."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी हो म्हणालो.