पाच बोटांचा बिबट्या

पेंटरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. गिऱ्हाइकं 'पेंटर' म्हणतात, मुलगा आणि सून 'बाबा' म्हणतात, नात 'आजोबा' म्हणते आणि बायको रागावली की 'अहो पेंटर' म्हणते, म्हणजे दिवसातून सात-आठ वेळा. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. दवाखाने, शाळा, पिठाची गिरणी, 'फाटकासमोर गाडी लावू नये'. घड्याळवाल्याच्या दुकानावर एक खोली, वर जायला बाहेरून लोखंडी जिना, आणि खोलीत टर्पेंटाइनचा असा वास की गिऱ्हाईक बोलणं आटोपतंच घेई. दुसऱ्यांची नावं लिहिता लिहिता या गृहस्थांना स्वतःच्या दुकानाला नाव द्यायला काही सवड झाली नाही. म्हणून प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ते नखाएवढ्या अक्षरांत लिहीत, 'पेंटर, घड्याळ दुकानाच्या वर'. सही म्हणा, जाहिरात म्हणा, त्यात दोन्ही उरकत असे.

त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम बावीस वर्षांपूर्वीचं. डोंगरापलीकडच्या अभयारण्यासाठी साठ पाट्या हव्या होत्या. प्रत्येकीवर एक प्राणी, वर त्याचं नाव, खाली त्याच्या पावलाचा ठसा. बेचाळीस पाट्या पेंटरांना मिळाल्या आणि उरलेल्या अठरा स्टँडजवळच्या दुसऱ्या पेंटरला. या स्टँडवाल्याला सरळ रेघ मारता येत नाही, असं आपल्या पेंटरांचं ठाम मत होतं आणि ते मत घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. दोन महिने जेवताना हरणांच्या डोळ्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. मग पाट्या ट्रकमध्ये चढल्या आणि गेल्या. त्या जागेवर कशा दिसतात ते बघायला सगळ्यांनी जायचं, असं बायकोने त्याच दिवशी ठरवलं.

ते बावीस वर्षं नुसतं ठरलेलंच राहिलं. एका वर्षी पेंटरांचा गुडघा धरला, एका वर्षी पोट बिघडलं, आणि मग 'मला घाट लागतो' हे कारण सापडलं ते कायमचंच. हे कारण त्यांनी इतकं वापरलं की पुढेपुढे घरात घाटाचा नुसता विषय निघाला तरी ते कपाळाला हात लावून बसत.

खरं कारण निराळंच होतं. पाट्या गेल्यावर महिन्याभरात घड्याळवाल्याचं मांजर एका ओल्या पाटीवरून चालत गेलं. पेंटर झाडू घेऊन धावले आणि मध्येच थांबले. पांढऱ्या रंगावर मांजराची पावलं उमटली होती आणि प्रत्येक पावलाला बोटं चार होती. त्यांनी सगळी पावलं मोजली. मग पुन्हा मोजली. मग मटकन स्टुलावर बसले, कारण मांजराच्याच जातीच्या बिबट्याला त्यांनी पाच बोटं काढली होती आणि शिवाय कोपऱ्यात स्वतःचा पत्ता लिहिला होता. जंगलात येणारा प्रत्येक माणूस ती पाटी बघून हसत असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या दिवशी तोंडाला जे कुलूप लागलं, ते काही उघडलं नाही.

या वर्षी मात्र त्यांची मात्रा चालली नाही. नात दुसरीत गेली होती आणि जंगलातल्या पाट्या माझ्या आजोबांनी रंगवल्यात, असं तिने भर वर्गात सांगून टाकलं होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा त्यावर विश्वास बसला नाही. तेव्हा फोटो काढून आणायचा, त्यात आजोबांची सही दिसली पाहिजे, अशी पैज लागली. नातीने आईचा जुना फोन मागून घेतला आणि आजोबांच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा केली नाही. सून शाळेत विज्ञान शिकवत होती. पेंटरांना तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती, फक्त तिने इतिहास शिकवला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना त्या आठवड्यात फार वाटलं.

शेवटी त्यांनी एक बेत केला. पिवळ्या रंगाचा एक छोटा डबा आणि ब्रश कागदात गुंडाळून बायकोच्या पिशवीत तळाशी दडवला. पाटीची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, पिवळीच होती. 'जरा हात फिरवतो' म्हणून उतरायचं, एक बोट पिवळ्याखाली गाडून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं वाटून ते रात्री गाढ झोपले.

सकाळी सातला पाच जण लहानशा गाडीत बसले. गाडी मुलगा चालवत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सरळ वर आणि सरळ खाली एवढीच सवय असलेला माणूस, त्यामुळे घाटात प्रत्येक वळण त्याला स्वतःवर झालेला अन्याय वाटत होतं. बाराव्या वळणावर त्याने असा काही ब्रेक दाबला की पिशवी उलटली. गाडीत ओळखीचा वास पसरला. बायकोने पिशवीत हात घातला आणि तो पिवळा होऊन बाहेर आला.

"अहो पेंटर! सुट्टीच्या दिवशीसुद्धा डबा?"

"म्हटलं, एखादी पाटी खराब झाली असेल तर..." पेंटर पुटपुटले.

"बघा, किती जीव आहे बाबांचा कामावर!" सून कौतुकाने म्हणाली. ते कौतुक पेंटरांना त्या रंगापेक्षा जास्त चिकटलं.

गाडी थांबवून सगळ्यांनी रस्त्याकडेच्या झऱ्यावर सामान धुतलं. पाव टाकून द्यावे लागले, केळी वाचली, अंडी मुळातच कवचात होती. बायकोची एक चप्पल मात्र पिवळी झाली ती झालीच. "आता एक पाय तुमच्या दुकानाचा आणि एक माझा," असं म्हणत ती मजेत गाडीत बसली. तिचं हे असं असतं. बावीस वर्षांनी घराबाहेर पडलेली बाई एका चपलेपायी हिरमुसणार नव्हती. डब्यात मात्र ब्रश बुडेल इतकाही रंग उरला नव्हता.

अभयारण्याच्या फाटकावर एक वनरक्षक बाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या, आणि मागे चौघं झाली. बाईंनी नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही, काही फेकायचं नाही. गाडी हळूहळू झाडीत शिरली. वळणावर पहिली पाटी आली, तशी नात आजीच्या मांडीवर चढून खिडकीला चिकटली.

पाटी गुळगुळीत, चकचकीत होती. हरणाचा छापील फोटो, छापील अक्षरं.

"आजोबा, तुमची सही कुठंय?"

"रंगवलेल्या पाट्या गंजल्या ना," वनरक्षक बाई म्हणाल्या. "हल्ली छापूनच लावतात."

पेंटरांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यासाठी आपण बावीस वर्षं गुडघा धरून बसलो! पुढे रानडुकराची पाटी आली, तीही छापील. अस्वलाचीही छापील. अस्वलाच्या केसांसाठी त्यांनी तेव्हा दोन ब्रश कापून बारीक केले होते आणि आठ दिवस मान मोडून काम केलं होतं. आता त्यांना सुटल्यासारखं वाटेना. एक तरी ठेवायची होती मेल्यांनी, असं त्यांना वाटलं, आणि हे कुणाला सांगताही येईना.

इतक्यात खरोखरचा हरणांचा कळप रस्ता ओलांडून गेला. बायकोने मुलाचा खांदा इतका घट्ट धरला की त्याने पुन्हा ब्रेक दाबला. सगळे हरखून बघत होते. नात तेवढी बघत नव्हती. फोन तिने मांडीवर पालथा टाकला होता.

"एक जुनी पाटी आहे अजून," वनरक्षक बाई म्हणाल्या. "पाणवठ्यापाशी. ती काढायला दोनदा माणसं आली होती, मी काढू दिली नाही."

बेचाळीसपैकी कोणती उरली असेल, हे पेंटरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तीच होती. रंग विटला होता, एक कोपरा वाकला होता, खालची कड चिखलाने लिंपून गेली होती. त्या चिखलात सही पार बुजली होती. बिबट्या मात्र तसाच ऐटीत बसला होता आणि त्याच्याखाली पाच बोटांचा ठसा लख्ख दिसत होता.

"आता नीट बघा," वनरक्षक बाई मागे वळून म्हणाल्या. "या पाटीत एक चूक आहे. कोण सांगतं?"

"पाच बोटं!" सुनेने क्षणाचाही विलंब लावला नाही. "ठशात चारच उमटतात. पाचवं वर असतं, जमिनीला टेकतच नाही."

"बरोबर! मी प्रत्येक गाडीला हेच विचारते. लोक हसतात आणि मग जन्मात विसरत नाहीत."

गाडीतही हशा पिकला. सगळ्यात जास्त बायको हसली. "कोण बाई हा शहाणा!"

"कोण म्हणजे? स्टँडवाला," मुलगा म्हणाला. "बाबा सांगतात ना, त्याला सरळ रेघ येत नाही. बोटं कुठून येणार?"

"त्याचीच असणार," बायको डोळे पुसत म्हणाली.

झालं. पेंटरांना काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. सही चिखलात होती, दोष स्टँडवाल्याच्या गळ्यात पडला होता आणि त्या बिचाऱ्याला हे जग सोडून पाच वर्षं झाली होती. नुसतं हं म्हटलं की काम भागणार होतं. तेवढ्यात नात हळूच म्हणाली, "म्हणजे आजोबांची एकपण पाटी नाही. मी वर्गात काय सांगू?"

ती रडत नव्हती. रडली असती तर पेंटरांनी तिला आणखी एक केळं दिलं असतं. पण ती नुसती फोनकडे बघत होती, आणि ते काही त्यांना बघवेना.

"ताई," ते वनरक्षक बाईंना म्हणाले, "तेवढा खालचा चिखल पुसता का? उजवीकडचा."

बाई उतरल्या. त्यांनी मुठीत गवत घेऊन कोपरा घासला. नातीने मान बाहेर काढली आणि ती एकेक अक्षर लावून वाचू लागली. "पें-टर... घ-ड्याळ... दु-का-ना-च्या..." शेवटचं 'वर' तिने इतक्या जोरात म्हटलं की वनरक्षक बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मला नमुन्याला दिलेल्या फोटोत चारच होती," पेंटर समोर बघत म्हणाले. "पण पाटीवर ती चार एका बाजूला कलल्यासारखी दिसत होती. वर नाव मधोमध, चित्र मधोमध, आणि ठसा तेवढा कललेला. पाच काढली तशी पाटी एकदम सरळ झाली. मी म्हटलं, पाचवं बोट चिखलात राहिलं असेल, म्हणून फोटोत आलं नसेल. मग एकदा मांजराने खरं काय ते दाखवलं. स्टँडवाल्याचा काही दोष नाही. त्याची रेघही तशी बरी होती."

बायको त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. "म्हणजे बावीस वर्षं तुम्हाला घाट लागत होता, तो हा?"

"हा."

ती पुन्हा हसायला लागली. या वेळी तिला थांबताच येईना. मुलगा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला, सून पदरात तोंड लपवून हसली. आणि पेंटरांना नवल वाटलं, कारण ज्या हसण्याला ते इतकी वर्षं भीत आले होते, ते त्यांना लागलंच नाही. वनरक्षक बाई तर खिडकीशी येऊन चक्क हात जोडून उभ्या राहिल्या. "काका, आज इतकी वर्षं मी तुमच्याच जिवावर गाडीगाडीला शिकवतेय हो!"

नात मात्र हसली नाही. तिने आधी पाटीचा फोटो काढला, मग सहीचा, मग परत दोन्ही मिळून. प्रत्येक फोटो तिने मोठा करून तपासला. मग तिने आजोबांकडे बघितलं. पेंटरांनी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकांना पाटी दाखवली होती, पण निकालासाठी इतका वेळ त्यांना कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं.

"चुकलंय," ती म्हणाली.

"हो," पेंटर म्हणाले.

ती आणखी काही म्हणणार, तोवर मागून दुसरी गाडी आली आणि शेजारी थांबली. आत आठ-दहा अनोळखी माणसं होती, गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या. त्यांच्यातला एक जण पाटीकडे बोट दाखवून विचारू लागला की इथे सगळे कशाला थांबलेत, बिबट्या दिसला का. नात आजीच्या मांडीवरून अर्धी खिडकीबाहेर आली.

"बिबट्या नाही! या पाटीत चूक आहे!" ती सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशी ओरडली. "आणि ती माझ्या आजोबांनी केलीय!"

ती सगळी तोंडं एकदम पेंटरांच्या खिडकीकडे वळली. पेंटरांचा हात काच वर करायला गेला. मग त्यांनी ती होती त्याहून खाली केली आणि डोकं बाहेर काढून सांगितलं, "बोटं मोजा. आणि मोजून झाली की कोपऱ्यातलं नावही वाचा."