सोफ्याखालचा ढोल

वरवंडला हायवेलगत संपतचं दुकान आहे. लग्नातले, मिरवणुकीतले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावेत तर त्यानंच. गडी हुशार, पण दुसऱ्याचं चांगलं त्याला बघवत नाही. आणि इथं तर गाठ त्याच्या बापाशीच होती.

बाप म्हणजे मल्हारीआप्पा. उभी हयात धनगरांच्या गजी नाचात ढोल वाजवला आणि म्हातारपणी कान साफ गेले. संपतनं यंत्रं आणली, हेडफोन लावले, कर्णे कानाशी धरले. काही उपयोग झाला नाही.

मग जवळच्या राहू गावच्या इंद्रजीतनं घरात थिएटर केलं आणि सोफ्याखाली शेकर बसवला. शेकर म्हणजे आवाज न करता नुसता हादरा देणारा स्पीकर. आप्पांना त्यावर बसवून त्यानं गजीचं रेकॉर्डिंग लावलं, तर आप्पांचे हात गुडघ्यांवर ताल धरू लागले. तेव्हापासून दर रविवारी आप्पा धुतलेलं धोतर नेसून राहूला. संपतचा जळफळाट झाला. बायकोला, प्रतिभाला म्हणाला, "बाप माझा, आन् ढोल ऐकवनार त्यो?"

"आप्पास्नी कळतंय न्हवं? मंग तुमचं काय जातंय?" ती म्हणाली. हे त्याला जास्तच झोंबलं.

त्यात इंद्रजीतच दुकानात आला. "संपतभाऊ, हादरा कमी पडतोय. आप्पांसाठी चांगला अ‍ॅम्प्लिफायर तुम्हीच निवडा. तुमच्याबिगर मी वायर जोडत न्हाई."

शेकर पन्नास वॅटचा. त्याला शंभराचा अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळ झाला, हे संपतला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं वरातीच्या गाडीवरचा दोन हजार वॅटचा काढून दिला. आपल्याकडं मोठं तेच चांगलं, त्यामुळं इंद्रजीत खूश. दोन-चार दिवसांत शेकर जळेल, मग बस म्हणावं हात चोळत, असं संपतच्या मनात होतं.

रविवारी जोडायला त्यालाच जावं लागलं. आप्पा सोफ्यावर बसले होते. इंद्रजीत चहाचं सांगायला आत गेला आणि संपतनं ढोल लावला. आप्पांचा चेहरा असा फुलला, की तो बघून संपतच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं बटण आणखी पुढं नेलं. जळका वास आला आणि सोफा थंड पडला.

आप्पांनी सोफ्यावर तळहात दाबून पाहिला, मग छातीवर ठेवला.

"कान गेलं व्हतं," ते म्हणाले, "आता अंगबी गेलं."

संपतनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "आप्पा, तुमचं अंग धड हाय. म्या शेकर मुद्दाम जाळला."

आप्पांना त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही. ऐकलं ते चहा घेऊन दारात आलेल्या इंद्रजीतनं.