तांब्याची तार

आईला बहिरी ठरवलं ते मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आई एडवणला थोरल्या भावाकडे राहते. मी बोईसरला. तारापूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या वायरिंगची देखभाल करतो, तीसेक वर्षं झाली. त्यामुळे घरात काही बिघडलं की ते माझ्याकडे येतं आणि मी म्हणेन ती पूर्व दिशा. दोष त्यातच होता, पण तो मला फार उशिरा दिसला.

आई गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात होती. नुसती होती असं नाही, अभंग ती उचलायची. तिनं सुरुवात केली की बाकीच्या मागे यायच्या. मंडळातली एक बाई नवी चाल स्वतः म्हणून फोनवर पाठवायची. आई दुपारी ओट्यावर बसून, कानाला हेडफोन लावून ती पुन्हा पुन्हा ऐकायची. हेडफोन माझ्या मुलीचा जुना. त्याची वायर पिनेजवळ तुटली, तेव्हा आईनं तो पिशवीत घालून माझ्याकडे दिला.

रविवारी सकाळी गॅलरीत बसून मी सोल्डरिंगची गन तापवली. वायर सोलली तर आत केसासारख्या तीन बारीक तारा, एक लाल, एक हिरवी, एक तांब्याची. हेडफोनच्या तारांना पातळ रोगण असतं. ते खरवडल्याशिवाय कथील धरत नाही. लाल आणि हिरवी मी ब्लेडनं नीट खरवडली. तिसरी तांब्याच्या रंगाची दिसली, म्हणून उघडीच आहे असं धरलं. कारखान्यात आम्ही ज्या जाड वायरी हाताळतो, त्यांत तांबं दिसलं म्हणजे तार उघडी. हात त्याच सवयीनं चालले. तिन्ही टाके मारले, फोनवर एक गाणं लावलं, दोन्ही कानांत वाद्यं वाजली. गाणारा सुरू व्हायच्या आतच मी हेडफोन काढून ठेवला.

पुढच्या रविवारी एडवणला नेऊन दिला. आईनं लावला, मंडळातल्या बाईनं पाठवलेली चाल सुरू केली, बराच वेळ फोनकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाई म्हनतेय का गप बसलेय? माना काय आयकू येत नाय रे."

मी तिच्या फोनवर गाणं लावून एक कान स्वतःला लावला. वाद्यं वाजत होती. मी म्हणालो, "आई, हेडफोन चांगला आहे. तुझे कान गेले आता."

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तिचा पोरगा कारखान्यातला जाणकार. तो म्हणतो म्हणजे तसंच असणार.

त्या दिवसापासून घर तिच्याशी ओरडून बोलायला लागलं. वारं असलं, पंखा असला की तिला एखादा शब्द आधीही निसटायचा. आता प्रत्येक निसटलेला शब्द पुरावा झाला. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारायच्या, समुद्र तरी ऐकू येतो का गं. आई उलट सांगायची, "तुजं आयकू येत नाय तेच बरं हाय." पण मंडळात ती जाईनाशी झाली. सूर चुकला आणि आपल्याला कळलाच नाही तर, ही भीती. तिच्या जागी दुसरीनं अभंग उचलायला सुरुवात केली.

चार-पाच महिन्यांनी हेडफोन तिनं परत दिला, इथं पडून काय उपयोग म्हणून. मी तो कारखान्यातला सुरक्षेचा व्हिडिओ बघायला लावला. सुरुवातीचं संगीत आलं. मग एक माणूस बोलायला लागला आणि त्याचे नुसते ओठ हलत राहिले. पिन काढली तर फोनमधून आवाज खणखणीत. मी पिनेचं कव्हर उघडलं आणि तांब्याची तार चिमटीत धरून ओढली. कथलातून ती अलगद निसटली. तिच्यावरही रोगण होतं, बिनरंगाचं. दोन्ही कानांना सामाईक असलेली ती तार जोडलेली नसली तर गाण्यातली काही वाद्यं तेवढी ऐकू येतात, मधला माणसाचा आवाज गळून पडतो. मंडळातली बाई तर एकटीच म्हणायची, नुसता आवाज. आईला काहीच ऐकू येणार नव्हतं. मलाही आलं नसतं.

तार खरवडून टाका पुन्हा मारला आणि रविवारी कानात घालायच्या थेंबांची बाटली घेऊन एडवणला गेलो. आधी थेंब घातले, मग हेडफोन दिला. हे मी ठरवून केलं. आईनं फोनमधली जुनी चाल लावली आणि डोळे मिटून पूर्ण ऐकली.

"आलं रे आयकू," ती म्हणाली. "गुण आला तुज्या औषदाचा."

मी मान हलवली. मंडळात जा आता, असंही म्हणालो.

"नको. आज येतंय, उद्या नाय येनार. चार बायांत फजिती नको."

भाऊ, वहिनी, काकी, सगळ्यांना ती अजून सांगते की पोरानं औषध आणलं म्हणून एवढं तरी ऐकू येतं. मी समोर असलो तर चहाच्या कपात बघतो.

मंडळ दर गुरुवारी देवळात बसतं. तिथं जाऊन त्या बायकांसमोर आणि आईसमोर मला सांगायचंय, की चूक माझ्या हातची होती आणि थेंबांचं मी खोटं बोललो. अजून गेलेलो नाही. एवढं मी तिचं देणं लागतो.