वस्तीच्या डीपीतलं तेल

लियाकतभाईंचं बारामतीत जळालेल्या डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं माणूस इमानानं तांब्याची तार गुंडाळतोय, आणि आमच्या पणदऱ्याच्या वस्तीनं त्याला एका दुपारी लबाड ठरवलं. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

वस्तीची डीपी सहा महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली होती; आधीची दुरुस्ती भाईंचीच. पाण्याच्या मोटारी बंद, ऊस माना टाकायला लागलेला. "भाईनं हलकी तार घातली," असं वस्तीतल्या थोरल्या जोतीरामआबांनी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढचं काम दुसऱ्याला द्यायचं जवळजवळ ठरलंच.

भाईंच्या कानावर गेलं तसे ते दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. डीपी खाली उतरवली आणि सगळ्यांसमोर झाकण खोललं. आत तेल निम्मंच होतं. तेलाच्या वरची कॉइल काळी ठिक्कर, बुडालेली धड.

"खाली-वर तार एकच हाय, बघा," भाई म्हणाले. "कॉइल तापती. तेल ती गरमी घिऊन वर जातं, वरच्या तोंडातनं ह्या बाजूच्या नळ्यांत शिरतं, गार हुऊन खाली येतं. वरच्या तोंडापातूर तेलच न्हाय, तर फिरंल कसं? कुणी काढलं?"

कोण सांगणार? आणि कशाला सांगेल? डीपीचं तेल चोळलं की गुडघे मोकळे होतात, हे खूळ आमच्याकडं घरोघरी. लाईट गेली की खालचा कॉक सोडायचा आणि बाटली भरायची. एका बाटलीनं काय होतंय, असं प्रत्येकजण म्हणणार आणि वस्तीत घरं चाळीस.

"गुडघ्याला त्यानं कायबी हुत न्हाय," भाई एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी नवी कॉइल बसवून तेल काठोकाठ भरून दिलं. तार हलकी म्हणणाऱ्यांपैकी एकानंही माफी मागितली नाही. उलट आबाच बाटली घेऊन पुढं आले.

"भाई, आता ताजं हाय. वाईच द्या की. आमच्या थोरल्या जयवंताचं गुडघं लई धरल्यात."

"आबा," भाई शांतपणे म्हणाले, "तुमी मला लबाड म्हणला हुता. तेवढं तरी ध्यानात ठेवा."

आबांचा असा संताप आला की ती बाटली हिसकावून फोडावी वाटलं. पण हात उठला नाही. तसलीच एक बाटली माझ्या आईच्या उशाशी होती, मीच भरून आणलेली. भाईंनी "कुणी काढलं?" विचारलं तेव्हा मी जमिनीकडं बघत उभा होतो.