कॅज्युअल्टीतून आलेली खुनाची खबर

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता धूसर झाल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि उभी राहिली की आजही डोकं तापतं.

जबलपूरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, इकडच्या बोलीत टीआय. सकाळची हजेरी आटोपून आणि दोन आरोपींना कोर्टात रवाना करून मी नुकताच खुर्चीला टेकलो होतो. तेवढ्यात कंट्रोल रूममधून वायरलेसवर निरोप आला. आमच्या हद्दीतल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत एका माणसाचा खून होत आहे, खबर देणारी बाई आहे. खुनाची खबर आल्यावर विचार करत बसायचं नसतं. हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून सायरन वाजवत, लोकांच्या शिव्या खात गाडी काढली.

कॅज्युअल्टीत ना रक्त, ना हाणामारी. भिंतीलगतच्या लोखंडी खुर्च्यांवर पेशंट बसलेले. कोणी कण्हत होतं, कोणी नुसतंच आतल्या दाराकडे बघत होतं. मी चढ्या आवाजात विचारलं, "फोन किसने किया?"

चाळिशीतली एक बाई उठली. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून मराठीत म्हणाली, "मी केला."

"खून कुठे आहे?"

तिने शेजारच्या खुर्चीकडे हात केला. तिथे तिचा नवरा बसला होता, संरक्षण कारखान्यातला कामगार. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा राखाडी, डावा हात उजव्या हाताने घट्ट धरलेला.

खोटं बोलणारा माणूस पोलिसाचा चेहरा वाचत असतो, असा माझा अनुभव आहे. ही बाई माझ्याकडे बघतच नव्हती, तिची नजर नवऱ्यावर होती. तरी मी दरडावलं, "पोलिसांना खोटी खबर देणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. शाळेत शिकवते मी. सकाळपासून यांच्या छातीत दुखून राहिलं. इथे आलो तं म्हणे बैठिए, बेड खाली नहीं है. किती वेळा हात जोडले, कोणी पाहूनच नाही राहिलं."

"मग तसं सांगायचं. खून कशाला?"

"पेशंटला पाहत नाहीत म्हटलं असतं, तं तुम्ही आले असते का?"

मी आत गेलो.

आत ड्यूटीवर एकच तरुण डॉक्टर होती, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे धावणारी. बेड का नाही, असं विचारल्यावर "सर, सब फुल है" म्हणाली. पण म्हणताना तिचे डोळे डाव्या बाजूच्या हिरव्या पडद्याकडे जाऊन आले. चौकशीत मी जबाबाइतकंच नजरेकडे लक्ष देत आलो आहे.

"पडद्यामागे काय आहे?"

"वो रिज़र्व है, सर."

"कुणासाठी?"

ती पुन्हा पेशंटकडे वळू लागली. मी आवाज खाली आणला. "डॉक्टर, मैं आपको फँसाने नहीं आया. बाहर एक आदमी मर रहा है. सच बताइए."

तिचे डोळे भरून आले. "भोपाल से इंस्पेक्शन आ रहा है. अधीक्षक सर का ऑर्डर है, ये बेड किसी को नहीं देने. चादरें खराब हो जाएँगी."

मी पडदा ओढला. ओळीने मांडलेले रिकामे बेड, परीटघडीच्या पांढऱ्या चादरी, उशाशी नवेकोरे मॉनिटर. कोपऱ्यात कोणीतरी फुलांच्या कुंड्याही आणून ठेवल्या होत्या. मी कितीतरी मृतदेहांचे पंचनामे केले आहेत, पण तेव्हासारखा संताप क्वचितच झाला असेल.

"उचला त्यांना," मी शिपायांना म्हणालो. त्यांनी खुर्चीसकट माणूस उचलून आत आणला. कार्डिओग्रामची पट्टी बघताच डॉक्टरचा चेहरा उतरला. हार्ट अटॅक होता, आणि बराच वेळ वाया गेला होता. जबलपूरजवळच्या पाटणहून आणलेल्या, पाय मोडलेल्या एका म्हातारीलाही आम्ही आत घेतलं. बघता बघता सगळे बेड भरले.

मग दवाखान्याचे अधीक्षक आले. "टीआई साहब, यह सरकारी काम में बाधा है. मैं एसपी साहब से बात करूँगा."

"ज़रूर कीजिए," मी म्हणालो. "मैं यहीं खड़ा हूँ."

दुपारी तपासणीचं पथक आलं, कुंड्या बघितल्या, चहा घेतला आणि गेलं. एकाही पेशंटला त्यांनी काही विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी तो माणूस गेला. तेरावं होतं न होतं तोच दवाखान्याची लेखी तक्रार ठाण्यात आली: खोटी खबर देऊन गोंधळ माजवल्याबद्दल बाईवर गुन्हा नोंदवा. मी तिला बोलावलं. मला वाटलं, ती रडेल, विनवेल.

"करा केस, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "कोर्टात तरी कोणी विचारील न, खोटा फोन काहून केला? मग मी सांगीन. बाकी कोणी विचारूनच नाही राहिलं."

मी विचारलं. तिचा सविस्तर जबाब घेतला आणि हलगर्जीपणाचं प्रकरण वर पाठवलं. त्या तरुण डॉक्टरने परिणाम ठाऊक असूनही खरा जबाब दिला. महिन्याभरात तिची बदली लांबच्या आरोग्य केंद्रात झाली. असल्या प्रकरणात डॉक्टरांच्या मंडळाचा अभिप्राय लागतो. तो आला: गर्दी होती, दिरंगाई आढळत नाही. मी अहवालात लिहिलं की फोन जीव वाचवण्यासाठी केला होता, त्यामुळे बाईवरची तक्रार निकालात निघाली. तेवढंच माझ्या हातात होतं. अधीक्षक पुढे हारतुरे घेऊन निवृत्त झाले.

चाकू, गावठी कट्टा, लाठी, विष, सगळ्यांसाठी कायद्यात कलमं आहेत. माणसाला नुसतं खुर्चीत बसवून ठेवूनही मारता येतं, आणि मारणारे संध्याकाळी घरी जाऊन निवांत जेवतात, हे मला या प्रकरणाने शिकवलं. त्यांना कुठलं कलम लावायचं, ते मला अखेरपर्यंत सापडलं नाही.

म्हणून कोणी विचारलं तर एवढंच सांगतो. दवाखान्यात हात उगारू नका, समोरचा डॉक्टर बहुधा तुमच्याइतकाच अडकलेला असतो. पण गप्पही राहू नका. मोठ्याने विचारा, पुन्हा विचारा, पडद्यामागे काय आहे ते बघायला मागा. ते पोलिसांना बोलावतील. बोलावू द्या. येणारा हवालदार शहाणा असेल, तर तुमचं नाव विचारण्याआधी तुमच्या पेशंटकडे बघेल.