आधी कायदा ठरव

"आधी कायदा ठरव, मंग घोडा हलव." बुद्धिबळाचा पट मांडला की आमचे बडेबाबू बोट वर करून हेच म्हणत.

वर्ध्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. घराण्यातला पहिला बी.ए.; हे मी कुणी न विचारता सांगत असे, आजही सांगतो. मधल्या सुट्टीत डबे सारून आमचा डाव बसे. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं.

कायदे दोन. देशी कायद्यात एकाकडे नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. विलायतीत त्या एकट्या राजालाही मात होईपर्यंत पळवायचं. बडेबाबूंना दोन्ही चालत. पण ठरवल्याशिवाय प्याद्याला हात लावू देत नसत.

एकदा वर्तमानपत्रात आलं, परदेशात बुद्धिबळ खेळणारं यंत्र निघालंय. मी ऐटीत सांगितलं, हे एक दिवस सगळ्या चाली तपासून पांढरं जिंकतं की काळं, याचा कायमचा निकाल लावेल.

सुपारी कातरत बडेबाबूंनी विचारलं, "कोन्त्या कायद्यानं?"

मी बातमी पुन्हा वाचायला घेतली.

"बुर्जी धरली तं निकाल एक, नाई धरली तं दुसरा. अन् तोच तो डाव फिरून आला तं बरोबरी, हे त्याले कोनी सांगतलंच नाई, तं तुहं यंत्र घाण्याच्या बैलावानी फिरतच राहीन न गा, ग्रॅज्वेट."

अख्खी कचेरी हसली. मीही, थोडं उशिरा.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आमचा शेवटचा डाव बसला. मला एकदा तरी जिंकायचं होतं. त्यांच्या गळ्यात हार, लोक भेटायला येतायत, आणि हे डोळे पुसत खेळतायत. मी त्यांचं शेवटचं प्यादं मारलं. माझ्याकडे राजा आणि हत्ती, त्यांच्याकडे राजा.

"बुर्जी," ते म्हणाले.

"विलायतीत नाही. मात करतो."

त्यांचं बोट वर गेलं आणि तिथंच थांबलं. कायदा ठरवायचा त्या दिवशी राहूनच गेला होता.

"म्या इचारलंच नाई आज," ते हळू म्हणाले. "राहू दे असाच. रविवारी सेलूले घरी येजो. कायदा ठरवू, मंग पाहू."

त्या रविवारी मी गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो तो त्यांना खांदा द्यायला.

स्मशानातून परतल्यावर त्यांच्या मुलीनं मला आतल्या खोलीत नेलं. पटावर तेच तीन मोहरे, त्याच घरांत.

"बाबा म्हनत, ग्रॅज्वेट येईन, तो म्हनन तो कायदा."

हत्तीनं मात कशी करायची ते मला पाठ होतं.

"बुर्जी," मी म्हणालो, आणि पट आवरला.