कोन्चेत्ताच्या रांगेतली खुर्ची

व्हेरोना टिमकोनं आयुष्यात सगळ्यांत जास्त मार खाल्ला तो बापाच्या हातचा, आणि सगळ्यांत जास्त मार दिला तो हॅलोरन मैदानाच्या पायऱ्यांवर. दोन्ही गोष्टी ती सारख्याच सुरात सांगायची. बाप खाटीक होता. पोर जरा मोठी झाल्यावर एकदा त्यानं पट्टा उगारला, तर तिनं तो वरच्यावर धरला आणि हिसकावून घेतला. त्यानंतर त्या घरात पट्टा फक्त विजार सांभाळायच्या कामी आला. देवानं तिला खांदे पुरुषाचे दिले होते आणि आवाज त्याहून मोठा. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळं तिची प्रार्थनासुद्धा मला ऐकू यायची. देवाला ती दटावल्यासारखं मागायची.

तिचा नवरा युराय मात्र मऊ माणूस. कारखान्यात भट्टीवर कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी बेसबॉल. भट्टीतला लोखंडाचा रस एकदा उसळला. दोन माणसं जागच्या जागी जळाली. युराय वाचला, पण डोळे गेले. खिडकी कुठं आहे एवढं त्याला कळे, बाकी काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात व्हेरोना त्याला सामन्याला घेऊन गेली. त्यांची जागा वर छपराखाली होती. सावली, वारा, सगळं मैदान समोर. डोळस माणसाला याहून चांगली जागा नाही. अर्ध्यातच युराय उठला.

"घरी चल, व्हेरोना. इथं नुसतं कढईत काहीतरी शिजल्यासारखं ऐकू येतं."

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. कोबीच्या पानांत खिमा भरून केलेली होलुबकी पुढ्यात गार होऊन जाई. त्या हिवाळ्यात एका दुपारी तो एकटाच, भिंती चाचपत, नदीच्या पुलावर गेला. मी बाजाराची पिशवी घेऊन येत होते. युरायचा एक पाय कठड्याच्या पलीकडं, आणि व्हेरोना बर्फातून धावत येतेय. तिनं त्याची मानगूट धरून त्याला अलीकडं आपटलं आणि अशी थोबाडीत दिली की त्याचा ओठ फाटला.

"पुन्हा इथं दिसलास तर मीच ढकलीन!"

"मग आत्ताच ढकल की," तो म्हणाला.

ती बर्फातच बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ त्याचं रक्त ओढणीनं पुसत राहिली. मी जपमाळ काढली, पण एक शब्द आठवेना.

बर्फ वितळलं आणि खेळाडूंचा सराव सुरू झाला, तशी व्हेरोना खसखशीचा रोल करून मैदानाच्या दारावर गेली. दारावर म्हातारा डूली. खुर्च्यांचं सगळं तोच बघायचा. रोल त्याच्या हातात ठेवून ती म्हणाली, "आम्हाला जागा बघायचीय."

"कोणाला बघायचीय?" डूलीनं युरायकडं बघत विचारलं, आणि मग जीभ चावली.

दोघं दिवसभर एकेका खुर्चीवर बसत फिरली. व्हेरोनानं स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता. पायऱ्यांना ठेचकाळून तिच्या नडग्या फुटल्या, पण रुमाल सोडला नाही. छपराखाली प्रत्येक आवाज दोनदा येई, खांबामागं एक कान बहिरा होई. खेळाडूंच्या बाकामागं युराय म्हणाला, "इथं शिव्या छान ऐकू येतात, खेळ नाही." फलंदाजाच्या थेट मागं लोखंडी जाळी, ती वाऱ्यानं गुणगुणायची.

जाळी जिथं संपते, तिथं तिसऱ्या रांगेत, पायऱ्यांलगतची टोकाची खुर्ची. तिथं तो बसला. फलंदाजामागं बसणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू थडकला, त्याची मान तिकडं वळली. बॅटचा कडाका झाला, मान चेंडूबरोबर गेली. धावणाऱ्याच्या बुटांचे खिळे मातीत खरवडले.

"व्हेरोना, हा आत्ता मारला तो डावखुरा."

तिनं रुमाल वर करून बघितलं. डावखुराच होता.

"हीच," ती डूलीला म्हणाली.

"बाई, ही मारुल्लींची रांग आहे. दुसरी कुठलीही बघा."

"नाव कुठंय हिच्यावर?"

"गेल्या वर्षीचं खरवडून काढलंय. नाव नसलं तरी कोन्चेत्ताला दात आहेत. हेलन नोव्हाकला विचारा, तिचा अर्धा कान कुठंय ते."

आमच्याकडं खुर्च्या अशाच ठरत. दर वर्षी नावं खरवडायची. मोसम सुरू व्हायच्या आधी, ईस्टरच्या अलीकडच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी दार उघडायचं, आणि दुपारचा कारखान्याचा भोंगा वाजेल तेव्हा जी बाई ज्या खुर्चीवर बसलेली असेल, तिच्या घरचं नाव डूली रंगानं लिहायचा. पूर्वी पुरुष जात. एका वर्षी सुरे निघाले, एकाचं आतडं पायरीवर आलं, तेव्हा कारखान्याच्या साहेबांनी हुकूम काढला की यापुढं फक्त बायका. साहेबांना वाटलं, बायका मारामारी करणार नाहीत. साहेबांचं लग्न झालेलं नसावं. टोप्यांच्या टाचण्या दारावर जमा करायच्या, बाटली चालवायची नाही, बाकी ओढा, ढकला, चावा. पण भोंग्यानंतर जिचा हात उठेल तिला सबंध मोसम मैदान बंद.

कोन्चेत्ता मारुल्ली ठेंगणी, जाडजूड, पावाच्या भट्टीवर कणीक मळून मळून मनगटं लोखंडाची झालेली. तीन सुना घेऊन ती रांग धरून बसायची. चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला व्हेरोना तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मला एकच खुर्ची हवी. टोकाची. माझ्या माणसासाठी."

"तुझा माणूस आंधळा आहे. त्याला खुर्ची कशाला? रेडिओ घे."

फादर वेदीवर आले म्हणून दोघी गप्प बसल्या, नाहीतर तिथंच सुरू झाल्या असत्या.

दार उघडलं. आम्ही सगळ्याच धावलो, पण मारुल्लीणी आधी पोचल्या. टोकाच्या खुर्चीवर धाकटी सून रोझाल्बा बसली होती. व्हेरोनानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि पोतं उतरवावं तसं तिला उचलून पायऱ्यांवर टाकलं. रोझाल्बा चार पायऱ्या घरंगळली. व्हेरोना बसली. लगेच कोन्चेत्ता तिच्या अंगावर आली. तिनं व्हेरोनाच्या खांद्यात दात रुतवले ते सोडेचना. व्हेरोनानं कोपर मागं मारलं. नाक मोडलं. तो आवाज मी अजून विसरले नाही, वाळकी काटकी मोडावी तसा. दुसरी सून व्हेरोनाचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सोडवायला एकेक बोट उलटं वाकवत होती. करंगळी कडकन गेली. व्हेरोना ओरडलीसुद्धा नाही.

"ऊठ, मांजरे!" कोन्चेत्ता रक्त थुंकत ओरडली.

"खुर्ची उपटून ने, मग उठते!"

पुरुष वर कठड्याशी उभे राहून सिगारेटी ओढत ओरडत होते. युराय त्यांच्यातच, मान वाकडी करून.

एरवी आधी भोंगा व्हायचा आणि मग चर्चची दुपारची घंटा. त्या दिवशी घंटा आधी झाली. चर्चचं घड्याळ पुढं गेलं होतं की घंटावाल्याला भूक लागली होती, देव जाणे. उपवासाचे चाळीस दिवस चालू होते. त्या दिवसांत दुपारची घंटा ऐकली की आमच्या गल्लीतलं माणूस जिथं असेल तिथं गुडघे टेकतं. स्वयंपाकघरात, गोदीत, दारूच्या गुत्त्यातसुद्धा. सगळं मैदान एकदम गप्प झालं. खुर्च्या सोडून बायका फळ्यांवर गुडघ्यांवर आल्या. कोन्चेत्ता आली. आणि व्हेरोनाही आली. मोडक्या करंगळीच्या हातानं तिनं कपाळ, छाती, खांदे यांवर क्रूस काढला. दोघी शेजारी शेजारी, एकीच्या नाकातून आणि दुसरीच्या खांद्यातून रक्त गळतंय, आणि दोघी मोठ्यानं नमो मरिया म्हणतायत.

रोझाल्बाच्या डोक्याला मार लागला होता. घंटा तिला ऐकूच आली नसावी. ती झोकांड्या खात वर आली, रिकामी खुर्ची दिसली, आणि बसली.

भोंगा वाजला.

व्हेरोनानं डोळे उघडले. तिला कळायला क्षण लागला. मग तिनं बसलेल्या रोझाल्बाच्या तोंडावर असा ठोसा मारला की पोरीचा दात डूलीच्या रंगाच्या डब्यात पडला.

"भोंगा झाला होता, बाई," डूली हळूच म्हणाला. "मोसमभर मैदान बंद तुला." आणि त्यानं खुर्चीवर मारुल्ली लिहिलं.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

व्हेरोना घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिच्या करंगळीला खपची बांधत होते. युराय म्हणाला, "पहिलं कोपर नाकावर ना? नंतर दांडा करकरला. मग तुझं बोट. मला सगळं ऐकू आलं." कित्येक महिन्यांनी तो आपणहून एवढी वाक्यं बोलला होता.

"खुर्ची गेली रे," ती म्हणाली.

"पायरी आहे की. पायरीवर कोण नाव लिहितंय?"

आणि पहिल्या सामन्याला मी त्याला हाताला धरून नेलं तेव्हा तो त्या टोकाच्या खुर्चीलगत, पायरीवर, लोखंडी कठडा धरून उभा राहिला. कोन्चेत्ता खवळली.

"ए, खांबा! सरक तिकडं!"

"खांबाला सरकता येत नाही, कोन्चेत्ताबाई."

बाई परक्या पुरुषाला हात लावत नाही, आणि आंधळ्याला हात लावेल असा पुरुष आमच्या गावात नव्हता. तो उभाच राहिला. त्या सामन्याला, त्यापुढच्याही. कोन्चेत्ता त्याला शिव्या देई, त्याच्या बुटांवर शेंगांची टरफलं टाकी. तो हसे आणि तिच्या आधी सांगे, "हा चेंडू पोकळ लागला, झेल जाणार." जायचाच. व्हेरोना बाहेर दाराशी, शेंगावाल्याच्या खोक्यावर बसून असायची. तो घरी येऊन जेवायला लागला होता, तेवढ्यावर ती बसून होती.

फक्त एक गोष्ट आम्ही कोणीच लक्षात घेतली नव्हती. जाळी त्या रांगेच्या आधीच संपत होती. बसलेला माणूस वाकतो. उभ्या आंधळ्यानं काय करायचं?

ऊन तापलेलं असताना एका डावात बॅटच्या कडेला लागून चेंडू सुटला तो सरळ आमच्याकडं. कडाका ऐकून युरायनं सवयीनं मान वळवली, नेमकी चेंडूच्या समोर. मी किंचाळले. कोन्चेत्तानं दोन्ही हातांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि त्याला खाली खेचलं. चेंडू तिच्या हातावर बसला, हात कठडा आणि चेंडू यांच्यामध्ये सापडला. हाड मोडून कोपराखाली नवाच सांधा झाला. युरायचं कपाळ पायरीवर आपटून फुटलं.

माझी किंकाळी दारापर्यंत गेली होती. डूलीला ढकलून व्हेरोना आत घुसली. तिला काय दिसलं? रक्तानं भरलेला नवरा, आणि त्याच्या गळ्याला कोन्चेत्ताचे हात. तिनं कोन्चेत्ताला केसांनी धरून मागं ओढलं आणि तोंडावर मारलं, पुन्हा मारलं.

"व्हेरोना, थांब!" युराय खालून ओरडला. "अगं चेंडू! चेंडू येत होता! तिनं मला वाचवलं!"

व्हेरोनाची मूठ वरच राहिली.

"आंधळा नवरा आणि आंधळी बायको," कोन्चेत्ता फुटक्या ओठांनी म्हणाली. "बघ, म्हशे. हात बघ माझा."

व्हेरोनानं हात बघितला. माफी मागणं तिला कधी जमलं नाही. तिनं डोक्याची ओढणी सोडली आणि तो हात गळ्यात बांधला.

"हळू! जीव घेतेस का?"

"हळू बांधलं तर हाड हलेल. गप्प बस."

गाठ मारून होईपर्यंत दोन पोलीस खाली आले होते. कोन्चेत्तानं मान फिरवून टोकाच्या खुर्चीवरच्या रोझाल्बाला म्हटलं, "ऊठ."

"सासूबाई, पण नाव आपलं..."

"ऊठ म्हणते ना! हा पुन्हा उभा राहिला तर पुढचा चेंडू त्याच्या कपाळात बसेल, आणि ते पाप मला मरेपर्यंत धुवत बसावं लागेल. बस रे तू. मी वाक म्हटलं की वाकायचं."

युराय चाचपत बसला. "कोन्चेत्ताबाई, तुमचे उपकार..."

"उपकार-बिपकार काही नाही. बडबड करू नकोस, मला खेळ बघू दे."

"दवाखान्यात चला आधी," डूली म्हणाला.

"डाव संपल्यावर."

पोलिसांनी व्हेरोनाला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. तिनं झटापट केली नाही. ती सारखी मागं वळून युरायकडं बघत होती. तो काही तिच्याकडं वळला नाही. कपाळाचं रक्त बाहीनं पुसत, मान किंचित डावीकडं कलती करून, तो पुढच्या चेंडूची वाट बघत होता.